उभ्या गाडीचा रंग

गंजोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कुठली आई पोराला अशी हाक मारेल? ते नाव दिलं बस डेपोच्या रंगशाळेतल्या लोकांनी. तीस वर्षं बसगाड्यांचा गंज खरवडून वर रंग मारणारा हा माणूस घरी गेला की उलटा धंदा करायचा. लष्करी ट्रकच्या नाहीतर रणगाड्याच्या वीतभर लांबीच्या प्रतिकृतीवर आधी सुरेख रंग द्यायचा, आणि मग त्यावर तीन केसांच्या ब्रशने गंज चढवायचा. "दिवसा काढतो, संध्याकाळी लावतो, याच्या डोक्याचं बॉडीवर्क करायला पाहिजे," असं फोरमन म्हणायचा. पुढे फोरमन गेला, गंजोबा निवृत्त झाला, रंगशाळेचे पत्रे जाऊन स्लॅब पडला, पण नाव काही अंगावरून उतरलं नाही.

त्याचं टेबल मागच्या खोलीत, खिडकीला लागून. काम फक्त बाहेर उजेड असेपर्यंत. दिव्याखाली रंग खोटं बोलतो, असं त्याचं म्हणणं. आधी सगळ्या ट्रकला एकच लष्करी हिरवा. मग त्याच हिरव्यात मातकट पिवळ्याचे दोन थेंब टाकून बॉनेटच्या आणि टपाच्या मधोमध तो रंग फिका करायचा, कारण ऊन तिथे जास्त बसतं. एक दार मुद्दाम जरा निळसर. लष्करात दार मोडलं की दुसऱ्या गाडीचं आणून बसवतात, आणि दोन डब्यांतला हिरवा कधी एक नसतो. "एका आईची दोन पोरं एकसारखी निघत नाहीत, डबे कसे निघतील?" असं तो हसत सांगायचा. मग तेलरंगाचे ठिपके देऊन ओलसर ब्रशने खाली ओढायचे, की पावसाचे ओघळ तयार. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा तपकिरी रंगात बुडवून कडांवर टेकवला, की टवके उडालेले दिसतात. शेवटी अंगणातली माती जुन्या बनियनमधून तीनदा चाळून चाकांवर. बायको म्हणायची, "या घरात पिठापेक्षा माती बारीक असते."

नवशिके लोक गाडीला सगळीकडे सारखी घाण फासतात. ते बघून गंजोबाचं डोकं फिरायचं. त्याचा हिशेब साधा होता. ऊन वरून येतं, चिखल खालून येतो आणि माणूस दारातून येतो. तिघांच्या खुणा तीन जागी. गाडी कुठे गेली, कशी चालली, ते तिच्या रंगावर लिहिलेलं असतं, फक्त वाचता आलं पाहिजे.

हे वेड लागलं दादामुळे. दादा म्हणजे सहा वर्षांनी थोरला सख्खा भाऊ. लष्करात ट्रकवर चालक होता. लढाई झाली त्या साली दादाने अडतीस दिवस दारूगोळा भरून ट्रक घाटरस्त्याने आघाडीवर नेला आणि रिकामा खाली आणला. वरून तोफेचे गोळे, बाजूला दरी, हातात स्टिअरिंग. घरातल्या पोराटोरांनाही हे पाठ होतं. दादा सांगायला बसला की ताटातलं जेवण निवायचं, पण कोणी मान खाली घालायचं नाही.

त्याच अडतीस दिवसांत आई गेली.

तिचं अर्धं अंग लुळं पडलं, डोळ्यांना दिसेनासं झालं, तेव्हा गंजोबा चोवीस वर्षांचा होता आणि डेपोत नुकता चिकटला होता. पहिल्याच दिवशी त्याने दादाला तार केली. मग बिनपगारी रजा टाकली आणि आईजवळ बसला. कूस बदलायची, अंग पुसायचं, चमच्याने पेज भरवायची. आई एकच विचारायची, "थोरला आला का?" तो सांगायचा, "लढाईवर आहे गं, कसा येईल?" आई हूं म्हणायची आणि घटकाभराने पुन्हा तेच. एका दुपारी त्याला राहवलं नाही. त्याने आवाज जाड केला आणि म्हणाला, "आई, आलो मी." आईने त्याचा हात चाचपला, नाकाशी नेला. म्हणाली, "टर्पेंटाइनचा वास येतोय. तू धाकटा. त्याला कधी बोलावतोस?" तिसऱ्या दिवशी ती गेली.

दादा आला दीड महिन्याने. म्हणाला, तार हातात पडली तेव्हा लढाई संपली होती. बहिणीने त्याच्याशी बोलणं टाकलं. तिला समजावायला गंजोबाच गेला. "गोळे पडत होते तिथे. बैलगाडी वळवावी तसा ट्रक वळवून घरी येणार होता का तो?" दोन वर्षं तिच्या दारी खेटे घालून त्याने भाऊ-बहीण पुन्हा बोलते केले. भावाची बाजू घ्यायची वेळ आली की याच्या जिभेला हाड नसायचं.

आणि तो ट्रक त्याने बनवायला घेतला. एकदा नाही, अकरा वेळा. दर वेळी दादाला समोर बसवायचं आणि विचारायचं, टवके कुठे होते, चिखल कुठपर्यंत होता, माती कसली होती. पहिल्या ट्रकच्या वेळी दादा म्हणाला, लाल माती, गुडघाभर. चौथ्याच्या वेळी म्हणाला, पांढरी धूळ, नुसती पिठासारखी उडायची. सातव्याच्या वेळी रस्ता काळ्या चिखलाचा झाला. बायकोच्या कानावर ते गेलं. ती लसूण सोलता सोलता म्हणाली, "मोठ्या भाऊजींचा रस्ता सरड्याच्या जातीचा दिसतो."

"घाट आहे तो," गंजोबा खेकसला. "दर वळणाला माती बदलते."

असं म्हणून थांबला असता तर ठीक. त्याने आठव्या ट्रकला खालून वर तीन थरांत तीन प्रकारची माती लावली. आधी लाल, ती वाळल्यावर तिच्यावर काळी, आणि सगळ्यावर पांढरी धूळ. प्रतिकृतींच्या स्पर्धेत परीक्षकांनी तो भिंगातून बघितला आणि पहिलं बक्षीस दिलं. एवढा अभ्यास कोणी केलेला नव्हता म्हणे. दादाने बक्षिसाची ढाल हातात घेऊन फोटो काढून घेतला.

यंदा निवृत्त लष्करी चालकांच्या संघाने नवा हॉल बांधला. उद्घाटनाला दादाचा सत्कार ठरला, भाषण ठरलं, आणि दारातच काचेच्या पेटीत दादाचा ट्रक ठेवायचा असंही ठरलं. संघाचे चिटणीस स्वतः गंजोबाकडे आले. गंजोबा म्हणाला, "या वेळी मला खरा फोटो हवा. आजवर सगळं ऐकून केलं. हॉलमध्ये सगळे चालक येणार, एक टवका चुकला तरी हसतील." चिटणिसांनी चार ठिकाणी विचारलं. दादाच्या तुकडीतला एक म्हातारा मिस्त्री, इंजिनं दुरुस्त करणारा, कुठल्याशा दूरच्या गावी होता. त्याच्याकडून एक पाकीट आलं. त्यात एकच रंगीत फोटो होता.

बंपरवर तोच नंबर. घरात सगळ्यांना तोंडपाठ असलेला. ट्रक एका छपराखाली अर्धा आत, अर्धा बाहेर. पुढ्यात खोकं उलटं ठेवून चौघं पत्ते खेळताहेत. त्यातला बनियनवर बसलेला, मोठ्याने हसणारा, दादा. फोटोच्या पाठीवर मिस्त्रीने तारीख लिहिली होती. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

दादाला आईचं काय माहीत असणार तेव्हा, असं गंजोबा मनाशी म्हणाला. विसाव्याला खाली आला असेल. माणूस आहे, पत्तेही खेळेल. त्याने दादाला सोडून दिलं, भिंग घेतलं आणि गाडीकडे वळला. कामाला लागला म्हणायचं.

बॉनेटवर त्याची नजर अडली. छपराबाहेरचा अर्धा भाग राखेसारखा फिका, आणि छपराच्या बाजूचा अर्धा अजून गर्द हिरवा. चालत्या गाडीला ऊन सगळीकडून चाटतं. असं अर्धं बॉनेट विटत नाही. त्याला वाटलं, फोटोच जुना आहे, रंग उतरला असेल. पण मागच्या भिंतीचा चुना पांढरा होता, दादाचं बनियन पांढरं होतं. उतरला असता तर सगळ्याच फोटोचा उतरला असता. मग त्याने ओघळ बघितले. पळत्या गाडीवर पावसाचे ओघळ वाऱ्याने मागे कलतात. इथे एकूण एक ओघळ ओळंबा सोडल्यासारखा सरळ खाली. टपावर कबुतरांची शीट, एकावर एक, थर साचलेला. दाराखालच्या पायरीवर धूळ, आणि त्या धुळीत बुटाचा ठसा नाही, घासलेली कड नाही. एक पुढचा दिवा काढून नेलेला. टायर खाली फुगून बसलेलं. चाकावरच्या कमानीत चिखलाचा एक ठिपका नाही. लाल नाही, काळा नाही, पांढरा नाही.

गंजोबाने भिंग खाली ठेवलं. ही गाडी चालत नव्हती. आठ-पंधरा दिवस नव्हे, ऊन-पाऊस दोन्ही खाऊन झालेत, तेवढा काळ ती जागची हललेली नव्हती.

तरी माणसाचा जीव चिवट असतो, भावाच्या बाबतीत तर फारच. त्याने चिटणिसांकडून मिस्त्रीचा नंबर घेतला आणि फोन लावला. मिस्त्री खुशीत होता. म्हाताऱ्यांना जुनं कोणी विचारलं की तोंडाला नळ लागतो.

"ती गाडी? अहो, तिच्या डिफरन्शियलचे दाते गेले होते. लढाईच्या आधी आठ महिने ती छपराखाली उभी. भाग मागवला तो आलाच नाही. मग तिचेच भाग काढून दुसऱ्या गाड्यांना लावले. आंधळं केलं बिचारीला."

"आणि तिचा चालक?"

"तुमचे दादा? त्यांना गोदामावर पहाऱ्याला ठेवलं. मजेत होते. पत्त्यात काय हात चालायचा त्यांचा."

"आघाडी तिथून किती लांब?"

"दोन दिवसांची वाट. आम्हाला आवाजसुद्धा आला नाही, खरं सांगतो. तुमचं गाव त्यापेक्षा जवळ." मिस्त्री जरा थांबला. "हो, बरी आठवण झाली. तुमची आई आजारी होती ना? तार आली होती. टाकल्यापासून चौथ्या दिवशीच आली. साहेब म्हणाले, गाडी तर उभीच आहे, आठ दिवस जाऊन ये. हे म्हणाले, नको साहेब, धाकटा आहे घरी. नंतर बरी झाली का हो आई?"

"नाही," गंजोबा म्हणाला. "ठेवतो."

बायकोने ऐकलं होतं. सरड्याचं नाव तिने काढलं नाही. तिने चहा ठेवला, कप त्याच्या हाताशी सरकवला आणि म्हणाली, "भरवशाच्या म्हशीला टोणगा." एवढंच. गंजोबाला आईपेक्षा बहीण आठवत होती. तिच्या दारात उभं राहून, तोंडाला फेस येईपर्यंत आपण काय काय बोललो, ते शब्दाला शब्द आठवत होतं. केसाने गळा कापतात म्हणतात, इथे कापणाऱ्याला आपणच केस उपटून दिला होता.

चार दिवस तो टेबलापाशी गेला नाही. पाचव्या दिवशी बसला आणि बारावा ट्रक सुरू केला. खोटा करायला हात तयारच होईना. त्याने अर्धं बॉनेट विटवलं. सात पातळ हात दिले, रंग कुठे बदलतो ते सांगता येऊ नये पण डोळ्याला कळावं असे. ओघळ एकूण एक सरळ ओढले. पायरीवर धूळ ठेवली आणि तिच्यावर फुंकरही मारली नाही. टायर तळाशी तापवून बसवलं. टपावर शीट दिली, चुन्यात किंचित हिरवा मिसळून. गोष्ट खरी सांगायची तर आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते.

दादाला त्याने फोन केला नाही. जाब विचारायचा नाही, असं ठरवलं. दादाने हा ट्रक बघावा आणि स्वतःच्या तोंडाने एकदा म्हणावं, 'उभी होती.' एवढीच चार अक्षरं हवी होती. तेवढं म्हणाला तर पुढचं बघू. माणूस चुकतो, घाबरतो, घरात सडणाऱ्या आईच्या वासाला भितो. सगळं समजून घेता येतं. पण म्हणायला तर पाहिजे.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी दादा ट्रक बघायला आला. इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली, हातात भाषणाचा कागद. "काय धाकट्या, झाली का माझी गाडी?" असं म्हणत खुर्चीत बसला. गंजोबाने वरचं फडकं काढलं.

दादा आधी हसला. मग हसू थांबलं. काहीही झालं तरी तो चालक होता. त्याची नजर टायरवर गेली, तिथून दिव्याच्या भोकाकडे, तिथून बॉनेटकडे. खिडकीतून उजेड थेट त्या विटलेल्या भागावर पडला होता.

"चिखल राहिला का लावायचा?"

"नव्हता दादा चिखल."

दादाने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली. "कोणी सांगितलं?"

"गाडीने."

"गाड्या बोलतात होय रे आता?"

"मला सांगतात. तुला माहितीये."

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. बायको तिकडे कान देऊन उभी असणार. दादाने खिशातून रुमाल काढून मान पुसली. ती चार अक्षरं आता येतील, आत्ता येतील, असं गंजोबाला वाटत होतं, आणि वाटतंय याचा रागही येत होता.

"बघ," दादा म्हणाला, "मी येऊन काय केलं असतं? मी काय डॉक्टर होतो? तू होतास की."

"ती तुला विचारत होती."

"म्हणूनच नाही आलो. थोरला आला म्हटलं की सगळं थोरल्याच्या गळ्यात. एकदा आलो असतो तर परत निघता आलं नसतं. तुला नाही कळायचं ते."

"तार चौथ्या दिवशी मिळाली तुला."

दादाने रुमाल पुन्हा खिशात कोंबला. "झालं त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. आई काय आता उठून बसणार आहे? आणि अडतीस दिवसांचं म्हणशील, तर ती गोष्ट आता माझी एकट्याची राहिली नाही. परवा नातवंडं येणार आहेत. सून दोन दिवसांचा प्रवास करून येतेय. पोरगा माझा त्या गोष्टीवर वाढला." त्याने ट्रककडे बोट केलं, हात न लावता. "त्या हॉलमध्ये जुने चालक आहेत. ही अशी ठेवलीस तर दारातच कळेल त्यांना. धाकट्या, चिखल लाव. तुला काय, अर्ध्या तासाचं काम."

इतक्या वर्षांत दादाने याच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागायची वेळच आली नव्हती, न मागताच सगळं मिळत गेलं. गंजोबाने फळीवरून मातीची डबी काढली, झाकण उघडलं, वाटीत पाणी आणि गोंद घेतला. एक जाड ब्रश निवडला. सगळं दादाच्या पुढ्यात ठेवलं.

"तू लाव."

"मला कुठे येतं?"

"तूच होतास ना तिथे. मला काय माहीत कुठे चिखल होता?"

दादाने त्याच्याकडे बघितलं. अजून वेळ होता. ब्रश तसाच टेबलावर होता, आणि चार अक्षरांना किती वेळ लागतो? दादाने चष्मा चढवला, बाह्या वर केल्या आणि ब्रश उचलला.

आधी चाकांना लावला, तो बरा लागला. मग दाराला. मग हात सैल झाला. बॉनेटच्या विटलेल्या अर्ध्या भागावर त्याने चिखल थापला, सात हातांच्या वर. ओघळ बुजवले. टपावरची शीट झाकायला टपावरही चिखल दिला. टपावर चिखल कुठून येणार? आभाळातून पडला तरच. खिडकीच्या काचेलाही लागला, तो त्याने बोटाने पुसला, तर आणखी पसरला. गंजोबा दोन्ही हात मांडीखाली घेऊन बघत बसला. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं, 'दादा, टपावर नको.' डेपोतल्या शिकाऊ पोरालाही त्याने तेवढं सांगितलं असतं.

"कसा दिसतोय?" दादाने विचारलं. केस फिसकटलेला ब्रश हातात तसाच.

"दिसतोय."

"जरा जास्त झाला का?"

"तुला माहीत."

दादाने खोकं मागितलं. गंजोबाने दिलं. चिखल वाळायचा होता, तरी दादाला घाई होती. त्याने स्वतःच ट्रक आत ठेवला, छातीशी धरला आणि उठला. दाराशी थांबून म्हणाला, "परवा लवकर ये. पुढच्या रांगेत जागा धरतो. पेटीवर बनवणाऱ्याचं नाव तुझंच लिहितायत."

"नको लिहू म्हणावं."

"का? अकरा गाड्या केल्यास, बारावीला काय झालं?"

गंजोबाने मातीच्या डबीला झाकण लावलं. दादा पायऱ्या उतरला, फाटकाबाहेर रिक्षा उभी होती, तिच्यात बसला, खोकं मांडीवर घेतलं. रिक्षा वळली. बायको आतून येऊन दारात उभी राहिली.

"काही म्हणाले का शेवटी?"

"चिखल जास्त झाला का, म्हणाले," गंजोबा म्हणाला, आणि बहिणीला फोन लावायला आत गेला.